डोलाबाईच्या डोक्यावरचा पदर

वहिनींनी खिडकीला डोळा लावला, आणि त्या हसल्या नाहीत.

मी पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत बसलो होतो. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी नेतात म्हणून मीही नेली होती, आणि द्यायचं विसरून त्यातलंच एक सोलत बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. खाली छापखान्यात छपाईच्या ट्रेडल यंत्राची खटखट चालू होती. वर खोलीत मात्र एवढी शांतता, की मोसंब्याची साल निघाल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

त्यांनी कच्चा अंक डोळ्यांपासून लांब धरला. मग जवळ घेतला. पान उलटलं. पुन्हा मागं आणलं, पुन्हा खिडकीतून पाहिलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे काय काढलंयत?"

"दिवाळी आहे ना, वहिनी. म्हटलं जरा वेगळं."

"हं," त्या म्हणाल्या, आणि आणखी एकदा पान उलटलं.

खिडकी म्हणजे काय ते सांगायला हवं. ती पाहिलेली माणसं आता माझ्यासारखी ऐंशीच्या पुढं गेली आहेत, आणि त्यांतली निम्मी ती पाहिल्याचं कबूल करत नाहीत. दिवाळी अंकात एका पानावर चित्र असायचं आणि त्या चित्रात कागद कापून एक भोक पाडलेलं. समजा चित्रात न्हाणीघर आहे आणि झरोक्याला एक पोस्टमन डोळा लावून उभा आहे. झरोक्याच्या जागी खरोखरच भोक. त्यातून पुढच्या पानाचा एवढासा तुकडा दिसायचा, गोल, गोरा, गुबगुबीत. वाचकाच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. इकडंतिकडं बघून तो पान उलटायचा, तर तिथं डोलाबाई पाटावर बसून दोन भोपळे धूत असायची. आणि तोंड उघडं टाकून, सगळे दात दाखवत, सरळ वाचकाकडं बघून हसत असायची. पोस्टमन सुटायचा, पकडला जायचा वाचक.

ही डोलाबाई माझी. म्हणजे सगळी माझी नव्हे. अठ्ठावन्न साली बेळगावच्या कॅम्पात एका रद्दीवाल्याकडं मला विलायती साप्ताहिकांचा एक गठ्ठा मिळाला. कव्हरं फाटलेली, त्यामुळं साप्ताहिकाचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. त्यात शेवटच्या पानावर फ्लॉसी नावाची एक बाई असायची. समुद्रकाठच्या एका दारूच्या दुकानात पेले भरणारी. दोन उशा एकाच अभ्र्यात कोंबाव्यात तशी ती झग्यात कोंबलेली. वारा यायचा आणि झगा उडायचा, पाद्री चहा सांडायचा, पोलीस सायकलीसकट पाण्यात पडायचा. फ्लॉसी काही लाजायची नाही. लाजायचे ते बघणारे. साहेब इथं इतकी वर्षं राहून गेला, पण तो घरी गेल्यावर कशाला हसतो, हे मला त्या रद्दीत समजलं. आपल्यासारखाच हसत होता बिचारा.

मी फ्लॉसीला नऊवारी नेसवली, कुंकू लावलं, नाव डोलाबाई ठेवलं. पण ती काही केल्या चालेना. दिसायला सगळं जागच्या जागी, आणि तरी नऊवारीतली मडमच. मग एक दिवस 'टवाळ' मासिकाचे संपादक नाना शिराळकर यांच्या घरी मी कसलासा छपाईचा ब्लॉक दाखवायला गेलो. नानांचा छापखाना महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत. खाली छापखाना, वर बिऱ्हाड. वर स्वयंपाकघराच्या दारात नानांची बायको अंबूवहिनी उभ्या होत्या आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून हसत होत्या. चांगल्या दणदणीत बाई. हसताना त्यांनी चौकट धरली होती, आणि आधी पोट हललं, मग दंड, मग चौकट. मांडणीवरचं एक फुलपात्र गडगडत खाली आलं.

मी तसाच घरी परत गेलो आणि डोलाबाई पुन्हा काढली. ह्या खेपेला ती चालली. कागदावरून चालत चालत कुठल्याकुठं गेली. माळकरी लोक 'टवाळ' गाथेत घालून वाचायचे. एका मुख्याध्यापकांनी निषेधाचं पत्र पाठवलं, त्यात अकरा वर्षांतल्या सगळ्या खिडक्या पान क्रमांकासह नोंदवलेल्या होत्या. आमच्या स्वतःकडंसुद्धा एवढी व्यवस्थित यादी नव्हती. नानांनी ती फाइलला लावली.

डोलाबाई कुणावरून काढली, हे गुजरीतल्या सोनारांना कळलं, भाजीवाल्यांना कळलं. "डोलाबाई निघाल्या बगा बाजाराला," असं मागून ऐकू आलं की वहिनी वळून पाहायच्या आणि बोलणाराच ओशाळायचा. कळलं नव्हतं ते फक्त नानांना. नाना प्रुफं बघायचे. वेलांटी चुकली तर त्यांना मैलावरून दिसायची, बाकी काही दिसायचं नाही.

मला वहिनींनी एकदाच विचारलं होतं. "भावजी, ती कंबर माझी ना?"

मी हातातला कागद गुंडाळू लागलो.

"पुढच्या महिन्यात नथ घाला तिला," त्या म्हणाल्या. "माझी मोडली, तिची तरी असू दे."

तेव्हापासून रिवाज पडला. अंक छापायला जायच्या आधी खिडकीचं पान कच्चं बांधून पहिल्यांदा वर वहिनींकडं जायचं. हात पिठाचे असले तर नाना ते त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचे. वहिनी हसल्या की खिडकी पास. "ईऽ, काय मेलं हे!" म्हणाल्या तर दोन हजार प्रती जास्त. गप्प राहिल्या तर ब्लॉक वितळवायला. तसं अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं.

आणि आता एकोणसत्तर सालच्या ऑक्टोबरात त्या गप्प बसल्या होत्या.

श्रावणापासून त्यांचं पोट दुखत होतं. गणपतीच्या आधी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं, आणि तसंच शिवून टाकलं. तीन महिने, फार तर. हे बाहेरच्या व्हरांड्यात नानांना सांगितलं आणि नानांनी मला सांगितलं. बाकी सगळ्यांना सांगायचं ठरलं, अल्सर. वहिनींनाही अल्सर. तेव्हा तशीच रीत होती. ज्याचा आजार त्याला सोडून बाकी सगळ्या आळीला ठाऊक असायचा.

"मुकुंदा," नाना मला म्हणाले होते, "तिच्या कानावर हे जाता कामा नये. मला बाकी काही करता येत नाही आता. एवढं एक करता येतं. शेवटपर्यंत ती हसत गेली पाहिजे. कळलं?"

"कळलं, नाना."

"डोलाबाई नेहमीसारखी यायला हवी. खिडकी वर जायला हवी. काही बदललंय असं वाटता कामा नये."

हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. चारही वेळा मी मान हलवली.

मग मी घरी जाऊन कागदापुढं बसलो. डोलाबाईचा दंड काढायला घेतला आणि वहिनींचा दंड डोळ्यांपुढं आला. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती त्यांची. पोट काढायला घेतलं, ते शिवलेलं. अकरा वर्षं डोळे मिटून काढलेली बाई मला काढता येईना. तीन दिवस फाडफाड केली. चौथ्या दिवशी हात आपणहोऊन चालला. पानावर एक अर्धवट उघडं दार काढलं, दारात खिडकी कापायची. खिडकीतून काहीतरी सोनेरी, उबदार दिसत होतं. पान उलटलं की डोलाबाई तुळशीपुढं पणती लावताना. अंगावर शालू. डोक्यावर पदर. मान खाली, पापण्या मिटलेल्या, ओठ मिटलेले. कंबर जरा बारीकच.

नानांनी ते बघितलं आणि चष्मा पुसला. "सुंदर," ते म्हणाले. "सोज्वळ. मुकुंदा, तुझ्यात हेही आहे हे ठाऊक नव्हतं." ट्रेडलवरच्या बाबू कांबळ्यानं तर चित्राला हात जोडले. व्यंगचित्राला कुणी हात जोडले की काढणाऱ्यानं ओळखायला हवं काहीतरी चुकलं म्हणून. पण मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि कौतुक मला चालायचं.

वहिनींनी कच्चा अंक मिटून मांडीवर ठेवला.

"मोसंबं माझं होतं ना?" त्या म्हणाल्या.

मी दचकून हाताकडं पाहिलं. अर्धं खाल्लं होतं.

"असू दे, खा. मला आंबट चालत नाही. अल्सर आहे ना मला."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी मोसंब्याकडं बघितलं.

"भावजी, डोलाबाईचं तोंड मिटलेलं कधी बघितलंयत तुम्ही?"

"नाही."

"मग आज का मिटलं?"

"पूजा करतेय ती. पूजेत कसं…"

"दोन सालापाठीमागं सत्यनारायणात काय करत होती ती? भटजींच्या शेंडीला उदबत्ती लागलेली आणि ही खदाखदा हसतेय. तेव्हा नव्हती पूजा?"

मी मोसंब्याची साल गोळा करू लागलो.

त्यांनी अंक पुन्हा उघडला आणि चित्र माझ्यापुढं धरलं. खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला. कच्चा अंकही त्यांना जड झाला होता.

"हे बघा. मान खाली. डोळे मिटलेले. डोक्यावर पदर. समोर दिवा. हे चित्र नाही भावजी, हा फोटो आहे. भिंतीवर लावायचा. हार तेवढा घालायचा राहिलाय."

"वहिनी, तसं काही नाही."

"किती दिवस म्हणाले?"

"अल्सर आहे, वहिनी. पथ्य पाळलं की…"

"अल्सर झालेल्या बाईच्या डोक्यावर कुणी पदर देत नाही, भावजी."

खाली ट्रेडल थांबलं. बाबूनं कागद बदलला असेल. मी खोटं बोलू शकलो असतो. ते पुन्हा सुरू होईपर्यंत बोलायला एक आख्खं मिनिट होतं. मी ते मोसंब्याच्या बिया मोजण्यात घालवलं. नऊ होत्या.

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी उशीवर डोकं टेकलं आणि वर आढ्याकडं बघत राहिल्या. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. ते त्यांनी करंगळीनं पुसलं, कानात पाणी गेलेलं माणूस पुसतं तसं. "शंका होती. रोज होती. पण दुपारी वाटायचं, छे, आपल्याच मनाचे खेळ. आता बरं झालं. एकदाचं."

"वहिनी, मी…"

"ह्यांना सांगायचं नाही."

"काय?"

"मला कळलंय हे ह्यांना सांगायचं नाही. शपथ घ्या माझी." त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून थोडा जोर होता. "दोन महिने बिचारे मला फसवतायत. रात्री उठून बघतात, मी झोपलेय का. कुणी बोलून गेलं तर, म्हणून खालच्या माणसांना वर येऊ देत नाहीत. ज्वराचा तक्ता लिहितात, त्यातसुद्धा अर्धा अर्धा कमी लिहितात. जन्मात कधी आकडा चुकला नाही त्यांचा! त्यांना वाटतंय आपल्याला जमलंय. जमू दे. एवढं एकच काम उरलंय त्यांना."

नाना जे मला बोलले होते, जवळजवळ तेच शब्द. मी शपथ घेतली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती तुमची विलायतेची बाई, फ्लॉसी का कोण. तिचं पुढं काय झालं हो?"

"माहीत नाही. माझ्याजवळचा गठ्ठा संपला."

"म्हणजे मेलीबिली नाही?"

"नाही. शेवटच्या अंकात ती गाढवावर बसून निघाली होती. गाढव वारं प्यायल्यासारखं उधळलं होतं."

"हं. मग डोलाबाईचंही तसंच ठेवा. निरोपबिरोप नको. गठ्ठा संपला की संपलं." मग त्यांनी तो कच्चा अंक माझ्या अंगावर टाकला. "आणि हे घेऊन जा. नापास. ब्लॉक वितळवा. उद्यापर्यंत धड काहीतरी काढा. पदर कमरेला खोचलेला पाहिजे."

मी उठायला लागलो.

"थांबा. लेखणी आहे? आधी एक मला काढून द्या. छापायचं नाही. माझ्यापुरतं."

"काय काढू?"

"मी सांगते तसं." त्यांनी दाराकडं बोट केलं. पलंगावरून दार दिसत होतं, दारापलीकडं जिन्याचा चौक. "रोज सकाळी डॉक्टर हुपरीकर मला तपासतात, 'झकास, झकास' म्हणतात आणि बाहेर जातात. तिथं जिन्यात ह्यांना गाठतात. दोघं पाठमोरे उभे राहतात आणि डोकी एकमेकांना लावून कुजबुजतात. माना खाली. मला इथनं दुसरं काही दिसत नाही. वरच्या तावदानातून ऊन पडतं, आणि दोन टकलं. गोल. एकमेकांना चिकटलेली. मधे एक फट."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. दाराकडं बघत होत्या आणि त्यांच्या गालावरची कातडी हलायला लागली होती.

"महिनाभर रोज बघतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि सांगायला कुणी नाही. मेलं, तुम्हीसुद्धा मोसंबी घेऊन आलात!"

उशाखाली ज्वराचा तक्ता होता, नानांच्या बारीक अक्षरातला. त्यातले दोन कागद मी काढून घेतले. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पहिलं चित्र काढलं. न्हाणीघराचं दार, दाराला डोलाबाई डोळा लावून वाकलेली, पदर कमरेला खोचलेला, बूड आभाळात, तोंड कानापर्यंत फाकलेलं. दुसऱ्या कागदावर जिन्याचा चौक आणि दोन पाठमोरे गृहस्थ, डोक्याला डोकं. शिलाईच्या डब्यातल्या कात्रीनं वहिनींनी स्वतः खिडकी कापली. कापताना जीभ बाहेर आली होती. मग कागदावर कागद ठेवला आणि खिडकीला डोळा लावला.

खिडकीत काय दिसलं असेल ते सुज्ञांना सांगायला नको. दोन टकलं, मधे फट, वरून ऊन.

आधी काहीच झालं नाही. मग त्यांचा खांदा हलला. मग पलंगाची पट्टी हलली. एवढीशी राहिलेली बाई, पण हसू जुन्याच मापाचं होतं, आणि ते त्यांना कुठं ठेवावं कळेना. टाके दुखले म्हणून उशी पोटाशी धरली आणि उशीसकट हसायला लागल्या. "आई गं… आई गं…" करत पान उलटायच्या आणि पुन्हा मागं आणायच्या. मी पण हसायला लागलो. डोळ्यांना रडण्यातला आणि हसण्यातला फरक कळत नाही, पाणी तेच असतं.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. वहिनींनी कागद उशीच्या अभ्र्यात कोंबले.

नाना दारात. धापा टाकत, हातात प्रूफ. "काय झालं? काय झालं अंबू?"

"काही नाही. ह्या भावजींनी काहीतरी चावट सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तुम्हाला सांगण्यासारखं नाही."

नानांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा पहिल्या अंकाच्या सगळ्या प्रती संपल्या त्या दिवशी झाला असेल. मग वहिनींनी माझ्या हातातला तो कच्चा अंक ओढून पुढं केला. "आणि हे यंदाचं मला पसंत नाही. डोलाबाई आहे का कुणाची आजी? भावजी दुसरं काढून देतायत."

जिन्यावरून खाली उतरताना नानांनी माझा दंड घट्ट धरला. खाली आल्यावर ते कुजबुजले, "पाहिलंस? पाहिलंस ना? तिला काही म्हणजे काही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तिला हेच चित्र आवडलं असतं!"

"खरंय, नाना."

"हसली रे. किती दिवसांनी हसली."

त्यांनी बाबूला सांगितलं वहिनी हसल्या. कागदवाल्याला सांगितलं. डॉक्टर हुपरीकरांना दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सांगितलं, डोक्याला डोकं लावून.

नवीन खिडकीत डोलाबाई फराळाला बसली होती आणि खिडकीतून जे दिसत होतं ते शेवटी दोन अनारसे निघाले. ते पहिल्यांदा वर गेलं तेव्हा वहिनी "ईऽ" म्हणाल्या. अंक दिवाळीच्या आधी संपला. वहिनी तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी गेल्या, दुपारी, नाना शेजारी प्रुफं वाचत असताना. भिंतीवर फोटो लावायला म्हणून घरात शोधाशोध झाली, तर प्रत्येक फोटोत त्या हसत होत्या आणि हललेल्या होत्या. एकही धड मिळाला नाही.

चौदाव्या दिवशी नाना माझ्या खोलीवर आले. ते कधी येत नसत. मी चहा ठेवला. त्यांनी कोटाच्या खिशातून दोन कागद काढले, घडीवर घडी घातलेले, आणि एकावर एक नीट ठेवून माझ्यासमोर धरले. खिडकीच्या कडा मऊ झाल्या होत्या. पुष्कळदा हाताळलं की होतात तशा.

"तिच्या अभ्र्यात होतं," ते म्हणाले.

मी स्टोव्हची पिन शोधू लागलो.

"डावीकडचा मी का उजवीकडचा?"

"डावीकडचे तुम्ही. डॉक्टरांच्या टकलावर तीळ आहे."

"हां. आहे." त्यांनी खिडकीतून पाहिलं, पान उलटलं, पुन्हा पाहिलं. तोंडातून एक आवाज आला, हसण्यासारखा. मग तो तसाच लांबत गेला आणि हसण्यासारखा राहिला नाही. मी स्टोव्ह बारीक केला. तरीही चहा उतू गेला.

"तारीख बघ," नाना म्हणाले. त्यांनी कागद उलटा केला. ज्वराचा तक्ता, त्यांचंच अक्षर. "चौदा ऑक्टोबर. म्हणजे महिनाभर तिला ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी तिला रोज सांगत होतो, दिवाळीनंतर पन्हाळ्याला जाऊ. आणि ती विचारायची, डबा काय नेऊ." त्यांनी चष्मा काढला. "मुकुंदा, कुणी सांगितलं तिला?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. 'मी सांगितलं. शब्द न बोलता, एका सोज्वळ चित्रानं, ज्याला तुम्ही सुंदर म्हणालात.' माझ्या जिभेवर आलं होतं. पण नाना इतके लहान दिसत होते त्या खुर्चीत, आणि मला त्यांच्या नजरेत तसाच मुकुंदा राहायचं होतं. दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं जास्त खरं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही आणि डॉक्टर रोज जिन्यात उभे राहायचात. वहिनींना पलंगावरून दिसायचं."

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. कागदाला भोक कुठं पाडायचं आणि कुठं नाही, हाच माझा अकरा वर्षांचा धंदा होता.

नाना बराच वेळ त्या दोन टकलांकडं बघत राहिले. मग हात वर नेऊन त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, पुढून मागं, सावकाश, जसं काही ते पहिल्यांदाच हाताला लागत होतं.

"एवढं जपलं," ते म्हणाले. "आणि माझ्याच डोक्यानं घात केला."

"नाना, तसं नाही…"

"नाही, बरोबर आहे. दार लावून घ्यायला हवं होतं मी."

ते कागद घेऊन गेले. डोलाबाई पुढच्या अंकात आली नाही. निरोप नाही, खुलासा नाही. वाचकांची पत्रं आली, मुख्याध्यापकांचंही आलं, चौकशीचं. पुढं मी आयुष्यभर राजकारणातली माणसं काढली. त्यांना खिडक्या लागत नाहीत.

नाना त्यानंतर सोळा वर्षं जगले. ह्या सोळा वर्षांत ते कुणाच्या कानाशी लागून एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्याच्या आजारपणाला गेले तरी मोठ्यानं बोलायचे, दारात उभं न राहता थेट आत येऊन. लोक म्हणायचे, नानांना ऐकू कमी येतं. आणि त्या दिवसानंतर त्यांना बोडक्यानं कुणी पाहिलं नाही. काळी टोपी, उन्हाळ्यातसुद्धा, जेवताना, अगदी दाढी करताना. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला टाळूवर गार लागतं.

त्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांचं अर्कचित्र काढलं. छापखान्यातल्या सगळ्यांनी ते चौकटीत घालून भेट दिलं. नानांनी चष्मा लावून ते नीट बघितलं, आणि मला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टोपी छान काढलीस हो, मुकुंदा."